पैसे येतत खयसून?

(तृतीय वर्ष, माहिती तंत्रज्ञान)

सर्वप्रथम एक खुलासा. माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी हा तिसरा विषय, आणि शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड! त्यामुळे माझं मराठी हे घरात, एसटीत आणि देवगडला काकांच्या पडवीत शिकलेलं मराठी आहे. या लेखाचं शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासलं आहे. 'गुंतवणूक' हा शब्द मी चार वेळा चार प्रकारे लिहिला होता असं तिचं म्हणणं आहे. असो.

मित्रांनो, आपल्या होस्टेलला दर सेमिस्टरला दोन गोष्टी न चुकता येतात. एक सबमिशन आणि दुसरी 'ऑपॉर्च्युनिटी'. सबमिशनची तारीख तरी नोटीस बोर्डावर लागते. ऑपॉर्च्युनिटी मात्र एखाद्या ओळखीच्या, चांगल्या माणसाच्या तोंडून येते. माझ्याकडे ती सेकंड इयरला एका सीनियरच्या रूपाने आली. हा सीनियर म्हणजे आमच्या ग्रुपला डेटा स्ट्रक्चर्स ज्याने खऱ्या अर्थाने शिकवलं तो. लिंक्ड लिस्ट समजावताना त्याने आम्हाला कँटीनच्या खुर्च्या ओळीने लावून दाखवल्या होत्या. तो म्हणाला, "संध्याकाळी सात वाजता एक ऑनलाइन मीटिंग आहे. वही-पेन घेऊन बस. घरी आत्ताच काही बोलू नकोस, आधी नीट समजून घे."

मी बसले. दीड तास! सुरुवातीचा एक तास नोकरी कशी वाईट, नऊ ते सहा म्हणजे कशी गुलामगिरी आणि आपल्या आई-बाबांनी आयुष्यभर कष्ट करून काय मिळवलं, यावर. मग कारचे फोटो. मग थायलंडचे फोटो. मग तेवीस वर्षांचा एक मुलगा कॅमेऱ्यासमोर रडला, कारण त्याने आईला स्वतःच्या पैशांनी फ्रिज घेऊन दिला होता. (माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?) शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी चॅटवर लिहिलं, "आपण विकतो काय?" उत्तर आलं, "ग्रेट क्वेश्चन! ते सेकंड मीटिंगमध्ये कळेल."

माझी काही फार मोठी हुशारी नव्हती. हा प्रश्न माझा नव्हताच. माझे काका देवगड तालुक्यात आंब्याची बाग करतात. कोणीही कुठल्याही धंद्याची गोष्ट सुरू केली की ते सुपारी कातरता कातरता एवढंच विचारतात, "ता सगळा ऱ्हवांदे. पैसे येतत खयसून?" म्हणजे पैसे येतात कुठून. मीटिंगबद्दल मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. कारचे फोटो आठवत होते, गिऱ्हाईक कोण ते कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या मीटिंगमध्ये कळलं. एक आरोग्याची पावडर होती. ती घ्यायची, आणि आपल्या खाली सहा जण आणायचे, त्यांनी प्रत्येकी सहा आणायचे, असं. आता इंजिनीअरिंगच्या मुलीला असं सांगितल्यावर ती काय करणार? मी वहीत जी. पी. मांडली. (तिला मराठीत भूमितीय श्रेढी म्हणतात हे रूममेटने सांगितलं. मला आधी 'श्रेढी' ही प्रिंट मिस्टेक वाटली होती.) ६, ३६, २१६, १२९६... नुसतं कॅल्क्युलेटरवर 'गुणिले सहा' दाबत गेलं तरी बाराव्या पायरीवर २१७ कोटींच्या वर आकडा जातो. म्हणजे तान्ह्या बाळांना धरूनही भारत बाराव्या पायरीला पुरत नाही. तेरावी पायरी भरायला पृथ्वी कमी पडते.

पण मला याहून धक्कादायक वाटलं ते दुसरंच गणित. ही साखळी कुठेही थांबवा, चौथ्या पायरीवर थांबवा नाहीतर दहाव्या, शेवटच्या ओळीत एकूण माणसांपैकी जवळजवळ ६ तले ५ जण असतात. म्हणजे शंभरात सुमारे ८३ लोकांच्या खाली कोणीच नसतं. हे त्यांच्या आळसामुळे होत नाही, मेहनत कमी पडल्यामुळेही होत नाही, 'निगेटिव्ह थिंकिंग'मुळे तर नाहीच. सूत्रच तसं आहे. त्या ८३ जणांनी कितीही पॉझिटिव्ह विचार केला तरी ते ८३ च राहणार. वरच्यांना मिळालेला पैसा हा या ८३ जणांचा खिसा असतो.

मी ते पान सीनियरला दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तू फार कॅल्क्युलेट करतेस." त्याने ज्या पैशांनी नाव नोंदवलं होतं ते त्याच्या ताईने पाठवलेले होते, हे मला नंतर कळलं. वाईट माणूस म्हणून मी त्याच्याबद्दल लिहू शकत नाही, कारण तो नाहीच. त्याचा त्या पावडरवर खरोखर विश्वास होता आणि मलाही श्रीमंत करावं अशी त्याची खरोखर इच्छा होती. अशा योजनांचं सगळ्यात क्रूर अंग मला हेच वाटतं. त्या अनोळखी माणसांच्या विश्वासावर चालत नाहीत. कँटीनच्या खुर्च्या लावून लिंक्ड लिस्ट शिकवली, त्या ओळखीवर चालतात. आता आम्ही कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो की दोघंही मोबाईल बघतो.

हे काही आजचं नाही. १९२० मध्ये अमेरिकेत, बोस्टनला, चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांचे पैसे गोळा केले. वेगवेगळ्या देशांत पोस्टाच्या रिप्लाय कूपनच्या किमतीत फरक असतो, त्यात नफा आहे, असं तो सांगायचा. फरक खरोखर होता! पण त्याने जेवढे पैसे घेतले होते तेवढ्यांची कूपनं बाजारात नव्हतीच. नव्या लोकांचे पैसे तो जुन्यांना देत होता. म्हणजे बोस्टनमध्ये कोणीतरी आमच्या काकांचा प्रश्न वेळेवर विचारायला हवा होता.

आपल्याकडे इंटरनेटवरचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१०-११ मधलं स्पीक एशिया. मी तेव्हा बालवाडीत होते, पण बाबा अजून त्याबद्दल बोलतात. वर्षाला ११,००० रुपये भरायचे आणि घरबसल्या आठवड्याला दोन सर्व्हे भरायचे, प्रत्येकी ५०० रुपये मिळणार. म्हणजे वर्षाचे ५२,०००. शिवाय नवीन लोक आणले की वेगळं. लाखो लोकांनी भरले. आता विचार करा, दोन मिनिटांत टिक मार्क करून भरलेल्या सर्व्हेला ५०० रुपये कोण देईल? कुठल्या कंपनीला तेवढी गरज असेल? ज्या मोठ्या कंपन्यांची नावं ग्राहक म्हणून सांगितली जात होती, त्यांतल्या काहींनी आपला संबंध नसल्याचं सांगितलं. २०११ मध्ये सगळं कोसळलं आणि प्रकरण पोलीस आणि कोर्टात गेलं.

आणि ऑनलाइन फसवतात, समोर दुकान असलं की खरं, असंही नाही हं. जानेवारी २०२५ मध्ये दादरला 'टोरेस'च्या चकचकीत दुकानासमोर लोकांची गर्दी झाली ती दागिने घ्यायला नाही. आठवड्याला काही टक्के परतावा मिळणार म्हणून पैसे गुंतवले होते, सोबत मॉयसॅनाइटचे खडे मिळाले होते, आणि हप्ते बंद झाले होते. वर्षाला काही टक्के व्याज देताना बँका एवढ्या अटी घालतात. आठवड्याला तेवढं देणारा माणूस असा कुठला धंदा करतो की ज्यात बँकेला पैसे घालावेसे वाटत नाहीत?

कायदा आहे का? आहे. प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बॅनिंग अ‍ॅक्ट १९७८ सालचा आहे, म्हणजे माझ्या बाबांच्या शाळेच्या दिवसांतला. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम आले. त्यांत पिरॅमिड योजनांना बंदी आहे, आणि सभासद होण्यासाठी फी घेता येत नाही. घरोघरी जाऊन माल विकणं, त्यावर कमिशन घेणं हे कायदेशीर आहे आणि त्यात गैर काहीच नाही. फरक एवढाच, की कमिशन माल वापरणाऱ्या गिऱ्हाईकाकडून येतंय की नव्याने भरती होणाऱ्याकडून. पुन्हा तेच, खयसून?

आता माझ्या रूममेटची गोष्ट. तिची परवानगी घेऊनच लिहितेय, किंबहुना तिनेच लिही म्हणून सांगितलं. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, हॉटेलांना ऑनलाइन पाच स्टार द्या आणि प्रत्येकी ५० रुपये मिळवा. तिने दिले. १५० रुपये खरंच खात्यात आले. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथे शंभरेक लोक, सगळे रोज 'पेमेंट रिसीव्ह्ड, थँक यू मॅम' असे स्क्रीनशॉट टाकणारे. मग 'प्रीपेड टास्क' आला. १,००० भरा, १,३०० मिळतील. मिळाले. ५,००० भरा. स्क्रीनवर तिच्या नावाने एक आकडा वाढत होता, पण काढायला गेलं की 'टास्क सेट अपूर्ण, आणखी भरा'. असं करत करत पुढच्या टर्मच्या होस्टेल फीचे ३८,००० गेले. तीन दिवसांत.

एक गोष्ट आम्हाला तेव्हा दिसली नाही, नंतर दिसली. तिला पहिल्यांदा आलेले ते १५० रुपये कुठल्याही कंपनीच्या खात्यातून आले नव्हते, एका अनोळखी बाईच्या नावाच्या यूपीआयवरून आले होते. आणि १,३०० आणखी तिसऱ्याच कोणाकडून. दोन महिन्यांनी तिच्या खात्यातली काही रक्कम बँकेने गोठवली, कारण ते १,३०० दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाच्या फसवणुकीच्या तक्रारीत सापडले होते. म्हणजे हिला दाखवलेलं आमिष हे आणखी कोणाच्या तरी खिशातून काढलेलं होतं! ती स्वतः फसलेली, आणि कागदोपत्री दुसऱ्याच्या पैशांची वाटेकरी.

१९३० या नंबरवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. जितक्या लवकर फोन करू तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. तिने दोन दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. ३८,००० पैकी ९,००० अडवले गेले, तेही परत मिळायला कित्येक महिने आणि कोर्टाचा आदेश लागला. ते दोन दिवस ती का गप्प होती? लाज. "इंजिनीअरिंगला असून असं कसं केलंस?" हे वाक्य ऐकावं लागेल म्हणून. ते वाक्य तिला तरीही ऐकावं लागलंच, आणि म्हणणारे बरेचसे लोक आपल्याच वर्गातले होते. त्यांच्याविषयी मी इथे काही लिहीत नाही, संपादक मंडळ कापेल.

याच्याच जोडीचा एक प्रकार आपल्या कॅम्पसमध्येही फिरतोय म्हणून सांगते. 'तुमचं सेव्हिंग अकाउंट आणि एटीएम कार्ड वापरायला द्या, महिन्याला १०,००० घ्या.' काम काहीच नाही. कोणाचं तरी लुटलेलं सामान आपल्या कपाटात ठेवून भाडं घेण्यासारखं आहे ते. तिच्यासारख्यांचे ३८,००० अशाच खात्यांतून फिरतात, आणि पोलीस सगळ्यात आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात.

ड्रॉपशिपिंगच्या कोर्सबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे. ड्रॉपशिपिंग हा धंदा खोटा नाही. पण ज्या मुलाला ऑनलाइन दुकानातून महिन्याला पाच लाख मिळतात, तो मला ४९९ रुपयांत ते शिकवायला रात्री अकरा वाजता लाइव्ह का येतो? आणि तेही 'आधीची किंमत ४,९९९' असं खोडून? त्याचं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात नाही, लाइव्हला बसलेलं आहे, आणि तेवढं समजून घेऊन कोणाला ४९९ द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत. 'आमची कंपनी रजिस्टर्ड आहे' हे वाक्यही असंच. कंपनी कार्य मंत्रालयाच्या साइटवर नाव कोणीही शोधू शकतं, जीएसटी नंबर टाकला तर दुकानाचं नाव कळतं. शोधावंच. पण रजिस्टर्ड असणं म्हणजे लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी असणं नव्हे. आपल्या कॉलेजचं आयडी कार्ड असलेला प्रत्येक जण पास होतो का?

इतका वेळ मी दुसऱ्यांवर बोलले. आता आमच्या घरच्या धंद्यावर येते, कारण तो प्रश्न विचारणाऱ्या काकांच्या बागेचे आंबे गेली दोन वर्षं मी आणि चुलत दादा ऑनलाइन विकतो.

आधी काका सगळा माल वाशीला पाठवायचे. पेट्या जायच्या आणि काही दिवसांनी पट्टी यायची. पट्टी म्हणजे किती भावाने विकलं आणि भाडं, हमाली वगैरे वजा जाऊन हातात किती, त्याचा कागद. त्या कागदावर वाद घालायची सोय नसते. म्हणून दादाने ठरवलं, थेट गिऱ्हाईकाला विकू. मी पान बनवलं, माझ्या एका वर्गमित्राने मदत केली. त्याने हौसेने वर एक लाल पट्टी टाकली, 'फक्त ३ पेट्या शिल्लक! १४ जण आत्ता हे पान बघत आहेत!' मी विचारलं, "हे आकडे कुठून घेतोस?" तो म्हणाला, "मॅथ डॉट रँडम." आम्ही दोघंही खूप हसलो. पण मग लक्षात आलं, की पान बघणारे आमच्या सोसायटीतले काका-काकू असणार. ते खरंच घाबरून लगेच पैसे भरतील. अशा खोट्या घाईला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'डार्क पॅटर्न' म्हणून नाव दिलेलं आहे, असे एकूण १३ प्रकार आहेत, हेही मला तेव्हाच शोधताना कळलं. ती पट्टी काढली. वर्गमित्र अजून म्हणतो की तिच्यामुळे ऑर्डर दुप्पट झाल्या असत्या. झाल्या असत्या, नाही कोण म्हणतंय?

खरी परीक्षा मात्र मागच्या हंगामात झाली. पाडव्यापर्यंत आम्ही दोन डझनांच्या ६४ पेट्यांची नोंदणी घेतली होती. पेटी १,८०० रुपये, अर्धे आगाऊ. मोहोर चांगला होता. मग फुलकिडे आले, मग नको तेव्हा पाऊस आला. एप्रिलच्या शेवटी हिशेब केला तर जेमतेम ३१ पेट्या निघत होत्या. ३३ कमी.

दोन दिवसांत एक ओळखीचे दलाल घरी आले. कर्नाटकचा हापूस, दोन डझन ५०० रुपयांत, पाहिजे तेवढा. "तुमचे बॉक्स छापलेलेच आहेत. भरायचे फक्त." मी फोनवर होते, दादाने मला हिशेब करायला सांगितलं. ३३ पेट्या, पेटीमागे १,३०० सुटतात, एकूण ४२,९००. आणि हे केलं नाही तर गिऱ्हाईकांचे २९,७०० परत करायचे, जे फवारणीच्या औषधाच्या बिलात केव्हाच गेले होते. सोसायटीचं कर्ज वेगळंच. दादा लोभी नाही. तो एवढंच म्हणाला, "मुंबईत कोणाला कळतंय? आणि सगळेच करतात." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही फळं शेजारी ठेवली तर साल आणि आतला रंग पाहून जाणकाराला फरक कळतो, पण शेजारी ठेवतंय कोण? म्हणून तर देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला २०२५ च्या हंगामापासून फळावर युनिक कोडचं स्टिकर आणावं लागलं. हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरपुरतं भौगोलिक मानांकन २०१८ मध्येच मिळालंय, पण मानांकन कागदावर असतं आणि बॉक्स भरणारा हात गोदामात.

काका ओट्यावर बसले होते. फोन स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आलं. "नाव देवगडाचा आणि आंबो कर्नाटकाचो? माका नाय जमाचा." दादा चिडला. म्हणाला, मग २९,७०० कुठून देऊ? यावर काकांकडे उत्तर नव्हतं. बराच वेळ कोणी बोलेना. मी इकडे होस्टेलच्या गच्चीवर, फोन कानाला लावून.

बोलल्या त्या काकी. "मग सांगान इकूया ना. चोरी कित्याक?" कर्नाटकच्या आंब्यात पाप नाही, तोही कोणीतरी शेतकऱ्यानेच पिकवलाय, तो त्याच्या नावाने विकायला काय हरकत आहे, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. रात्री मी ३३ जणांना मेसेज लिहिला. पीक कमी आलंय. पैसे परत घ्या, किंवा पुढच्या वर्षासाठी ठेवा, किंवा कर्नाटकचा हापूस ७०० रुपयांत घ्या, तो देवगडचा नाही. काकींच्या सांगण्यावरून छापील बॉक्स बाजूला ठेवून साधे खाकी बॉक्स आणले. एक अटही काकांनी घातली, माल कार्बाइडने पिकवलेला नको. (कार्बाइडवर बंदी आहेच, इथिलीन गॅसला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. आमच्याकडे मात्र अजून पेंढ्याची अढी.) म्हणून कच्चाच आणला आणि घरी अढी घातली.

३३ पैकी १९ जणांनी पैसे परत मागितले, ८ जणांनी कर्नाटकचा घेतला, ६ जणांनी पुढच्या वर्षासाठी ठेवले. ४२,९०० च्या जागी सुटले १,६००, त्यातून वाहतूक गेली. परत करायचे पैसे माझ्या बाबांकडून उसने घेतले, ते अजून फिटायचे आहेत. प्रामाणिकपणामुळे धंदा वाढला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालेलं नाही. ठाण्याच्या एका गृहस्थांनी एक स्टार देऊन लिहिलं, 'ऑर्डर घेतात, आंबे देत नाहीत.' खोटं कुठे होतं ते? दादाचे मित्र पाच स्टार टाकायला तयार होते, अगदी मोफत. पण माझ्या रूममेटने ५० रुपयांना जे स्टार विकले, तेच स्टार आम्ही कोणाच्या तोंडाने मागणार? त्या एका स्टारखाली आम्ही काय झालं ते लिहिलं आणि सोडून दिलं. पान उघडलं की तो अजून पहिलाच दिसतो.

सध्या घरात नवीन वाद आहे तो साक्याचा. हापूसमध्ये साका असतो. वरून फळ सुंदर, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा आंबट भाग. बाहेरून ना घेणाऱ्याला दिसतो ना विकणाऱ्याला. मागच्या वर्षी आम्ही 'फोटो पाठवा, आंब्याचे ७५ रुपये परत' असं ठेवलं होतं. ३१ पेट्यांतून १७ फोटो आले, १,२७५ रुपये गेले. त्यातले दोन फोटो एकाच आंब्याचे होते, डावीकडून आणि उजवीकडून. दादाचं म्हणणं, या वर्षी सरळ 'साक्याची जबाबदारी आमची नाही' असं लिही, सगळे लिहितात. काकींचं म्हणणं, प्रत्येक पेटीत पंचविसावा आंबा टाका, म्हणजे कोणाला फोटो काढत बसायला नको. मी हिशेब करून दाखवला, तेवढ्याच ३१ पेट्या धरल्या तरी पंचविसावा आंबा २,३२५ ला पडतो, फोटोपेक्षा महाग. काकी म्हणाल्या, पडू दे. दादा म्हणाला, मग पेटी १,८७५ करा. काकांनी दोघांचं ऐकलं आणि सुपारी कातरत राहिले. पाडव्याला तीन आठवडे आहेत, नोंदणीचं पान माझ्याकडे तयार आहे, आणि त्या एका ओळीची जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.